हातातोंडाची गाठ

'हातातोंडाची गाठ' हा वाक्प्रचार आम्ही आजवर शेकडो वेळा वापरला असेल. जेथे मिळकत बेताची तेथे ही गाठ पडणे कठीण, एवढाच त्याचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. घरात धान्याची ददात नाही, स्वयंपाक वेळेवर तयार आहे, ताट वाढून पुढे ठेवले आहे, आणि तरीही हातातोंडाची गाठ पडत नाही, अशीही अवस्था असू शकते, हे आमच्या आईने आम्हांस पन्नाशी उलटल्यावर शिकविले. ताटापासून तोंडापर्यंतचे अंतर ते किती! वर्षाचे मूल ते काटू लागते, आणि पुढे सत्तर-ऐंशी वर्षे मनुष्य त्याचा विचारही करीत नाही.

आई आज ८२ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिला कंपवात झाल्याचे निदान झाले. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नामक वैद्याने १८१७ साली या विकारावर एक निबंध लिहिला, आणि पुढे तो विकार त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. तो निबंध आम्ही मिळवून वाचला, आणि वाचल्यामुळे आपणांस सर्व काही समजले, असे समजून स्वस्थ बसलो. पुस्तकांवर पोट भरणाऱ्या माणसांची ही खोडच असते.

गेल्या वर्षी आईची भूक मंदावली. 'आज भूक नाही रे', 'दुपारचेच अजून अंगावर आहे', 'तुम्ही बसा, मी मागाहून घेते', ही तिची उत्तरे आम्ही शब्दशः खरी मानली. सहा महिन्यांत तिचे वजन ५१ किलोंवरून ४५ वर आले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. त्यांत काही निघाले नाही. शेवटी त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : "यांना जेवताना तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे का?" आम्ही आमच्या सौभाग्यवतींकडे पाहिले, त्यांनी आमच्याकडे पाहिले. एकाच घरात राहणारी आम्ही माणसे. पण या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

त्या रात्री पाणी पिण्याचे निमित्त करून आम्ही स्वयंपाकघरात गेलो. आई दाराकडे पाठ करून बसली होती. आमटीभाताचा घास ती उचली, तो निम्म्या वाटेवर सांडे, आणि पदरावर पडलेली शिते वेचून ती पुन्हा ताटात टाकी. आम्ही पाणी न पिताच परतलो. घरी झालेली एक मेजवानी तेव्हा आम्हांस आठवली. पाहुण्यांच्या देखत आईच्या हातून कढीची वाटी लवंडली होती, आणि आम्ही तत्परतेने तिच्या हाती चमचा देऊन गळ्याखाली रुमाल अडकविला होता. त्या तत्परतेस आम्ही त्या वेळी मातृसेवा समजलो. वस्तुतः ती पाहुण्यांची सेवा होती. 'मी मागाहून घेते' हे वाक्य त्याच दिवसापासून सुरू झाले होते.

अपराधाची जाणीव झाली की सुशिक्षित मनुष्य खरेदीस निघतो. आम्हीही निघालो. हात थरथरू नये म्हणून मुद्दाम जड केलेला चमचा, मनगट वळवावे लागू नये म्हणून वाकड्या दांड्याचा दुसरा, घास टेकवून उचलता यावा म्हणून एका बाजूस उभा काठ असलेली ताटली, ताटली सरकू नये म्हणून तिच्याखाली घालावयाची रबरी चटई, आणि झाकणाला चोच असलेला पेला, असा सरंजाम आम्ही मागविला. आईने तो सर्व पाहिला. पेला हातात घेऊन ती हसली व म्हणाली, "अरे, हे तर बोंडले! तुला मी बोंडल्याने दूध पाजले, आता तू मला पाजणार होय?" ती हसली खरी, पण त्या पेल्याला तिने पुन्हा हात लावला नाही.

ही साधने निरुपयोगी होती, असे मात्र म्हणता येणार नाही. जाड मुठीचे महत्त्व तर निर्विवाद आहे. अमेरिकेत सॅम फार्बर नावाच्या गृहस्थाने पत्नीच्या संधिवाताने आखडलेल्या बोटांना साले काढताना होणारा त्रास पाहिला, आणि १९९० साली जाड, मऊ मुठीची स्वयंपाकाची हत्यारे बाजारात आणली. ती धडधाकट माणसांनीही आवडीने उचलली. आमच्या घरी हेच काम सायकलच्या मुठीच्या रबराने केले. ते चमच्याच्या दांड्यावर चढविल्याबरोबर आईची पकड सुधारली, आणि त्याला फारसा खर्चही आला नाही. पण पकड सुधारली तरी जेवण सुधारले नाही. कारण चमचा हाच मुळी तिचा नव्हता. तिने जन्मभर हाताने जेवण केले होते. शिवाय, मनगटाचा थोडासा हेलकावा चमच्याच्या लांब दांड्याच्या टोकाशी मोठा होऊन पोहोचतो. आणि चमच्यातील पदार्थाला वरून कोणाचाच आधार नसतो. उलट पाच बोटांत धरलेल्या घासाला चहूकडून आधार असतो. हात हलला तरी घास हातातच राहतो.

हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते. ते आले स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या. त्या म्हणाल्या, "साहेब, आजींच्या हाताला दोष कशाला देता? पातळ भात तुमच्या तरी हातात राहतो का? वाढताना घास असा वाढा, की तो हातात राहील." आम्ही खजील झालो. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आमचा जन्म गेला. टॉमस कोरियट नावाच्या प्रवाशाने १६०८ साली इटलीत काटे पाहिले आणि १६११ च्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले, तेव्हा त्याच्याच देशबांधवांनी त्याची थट्टा केली होती, ही गोष्ट आम्ही वर्गात चवीने सांगत आलो आहोत. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी साहेबही बोटांनीच जेवत होता, हे आम्हांस पाठ होते. आणि तरीही आईचा हात थरथरताच आम्ही तिच्या हातून हातच काढून घेतला!

त्या दिवसापासून आमच्या घरच्या ताटाची रचना बदलली. वरणभात मऊ कालवून, त्यात तूप-मीठ घालून, त्याचे लिंबाएवढे मुटके वळून ठेवू लागलो. दहीभाताचेही तसेच. घावन व धिरडी यांचे दोन बोटांत मावतील असे तुकडे, सुरळीच्या वड्या, शिजवून सोललेल्या रताळ्याच्या फोडी, दुधात भिजविलेल्या पुरणपोळीचे लहान घास, मऊ इडलीचे चतकोर! सुरळीची वडी तर जणू या कामासाठीच जन्मास आली आहे. ती हाताला चिकटत नाही, सुटत नाही, आणि दातांना काम देत नाही. आमटी वाटीतून गेली व पेल्यात आली. पण पेला चोचीचा नव्हे, दोन्ही हातांत धरता येईल असा रुंद बुडाचा, आणि निम्माच भरलेला. रबरी चटई आईला घसरडी वाटे. तेव्हा बाईंनी ओल्या फडक्याची चुंबळ करून तिच्यावर ताटली बसविली. डोक्यावरची घागर जी सावरते, ती ताटली सावरणार नाही काय?

परंतु हातात राहणारा प्रत्येक पदार्थ गळ्याखाली उतरतोच, असे नाही. या विकारात गिळण्याची क्रियाही मंदावते. म्हणून चिवडा, फुटाणे, शेंगदाणे, कोरडा रवाळ लाडू हे सोईस्कर दिसणारे जिन्नस आम्ही वर्ज्य केले. त्यांचे कण घशात अडकतात. जेवताना ठसका लागू लागला किंवा जेवणानंतर आवाज ओला येऊ लागला, तर घरचे उपाय न करता वैद्यास दाखवावे, अशी आम्हांस ताकीद आहे. आई पाट सोडून हातांच्या खुर्चीत ताठ बसते, आणि कोपरे मेजावर टेकते; नुसत्या त्या टेकण्यानेच थरथर कमी होते. लेव्होडोपाची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जेवणापूर्वी अर्धा तास दिली जाते. कारण वरण, दूध, दही यांतील प्रथिने त्या औषधाच्या शोषणाच्या आड येतात. गोळीचा अंमल चढला असताना ताट पुढे आले, तर हात अधिक ऐकतो.

एवढी सगळी व्यवस्था झाल्यावर एकच अडचण उरली, आणि ती आमच्या स्वभावाची होती. आईच्या जेवणाला चाळीस मिनिटे लागतात. आमचे दहा मिनिटांत उरकते. उरलेली तीस मिनिटे एक मुटका ताटातून निघून तोंडाशी कसा पोहोचतो ते पाहत बसावयाचे, म्हणजे तपश्चर्याच! आमचा हात अनेकदा आपोआप पुढे होई. आपण भरवले तर पाच मिनिटांत काम होईल, सांडणार नाही, आणि आपणांस सेवेचे पुण्यही लाभेल! काऊचिऊचे घास भरवून जिने आम्हांस वाढविले तिला आम्ही भरवावे, यात काव्यही पुष्कळ आहे. पण ते काव्य आमच्या सोयीचे होते. मुलाला भरवतात ते त्याने पुढे आपल्या हाताने जेवावे म्हणून. ज्याला अजून आपल्या हाताने जेवता येते त्याला भरविणे, म्हणजे त्याच्या हातातोंडाशी आलेला घास काढून घेणेच होय. आता आम्ही जेवण झाल्यावरही हात न धुता ताटावर बसून राहतो, आणि गप्पा मारतो. या सर्व साधनांत हेच साधन मिळविण्यास आम्हांस सर्वांत अधिक काळ लागला.

आईचे वजन आता ४८ किलो आहे. विकार पुढे जाणारा आहे, हे आम्ही जाणतो. एक दिवस असा येईल, की मुटकाही तिच्या बोटांत राहणार नाही. त्या दिवशी आम्ही तिला भरवू. त्याच्या एक दिवसही आधी नाही. परवा पुन्हा पाहुणे आले होते. आई आमच्याबरोबरच जेवावयास बसली. दहीभाताचा एक मुटका तिच्या हातून सुटून मेजावर पडला. आम्ही श्वास रोखून धरला. तिने तो उचलून ताटाच्या कडेला ठेवला, दुसरा घेतला, आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "तुम्हांला वाढले का कोणी? माझे अजून चालायचे आहे."