पेन्शनीचे कागद

कोल्हापूरहून निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गावरचे आमचे कागल परक्या माणसाला ठाऊक असते ते घाटगे घराण्यामुळे. याच घराण्यातून 1884 साली शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. परंतु ज्याला येथे बसून लोकांचे कागद वाचून देण्याची सवय लागली आहे, त्याच्या लेखी हे गाव साखर कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांचे, पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या पोरांचे आणि उसाचे बिल हाती पडताच ते कोठे ठेवावे या विवंचनेत पडणाऱ्या शेतकऱ्यांचे आहे. शिक्षकाच्या नोकरीतून मी निवृत्त झालो, सरकारी तिजोरीतून मला दरमहा पेन्शन सुरू झाली, आणि ज्या अर्थी याला पेन्शन मिळते त्या अर्थी पेन्शनीतले याला सारे कळत असले पाहिजे, असा आळीतल्या मंडळींनी परस्पर निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षाला साजेसे ज्ञान पदरी असावे म्हणून मला निवृत्तीनंतर पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

पहिला मोठा प्रश्न एका जुन्या कारखाना कामगाराने विचारला. "गुरुजी, तुमास्नी एवढी पेन्शन आणि आमास्नी एवढीशी, ह्यो कुठला न्याय म्हणायचा?" त्याच्या हातात पासबुक होते आणि मनात एका मध्यस्थाचे आश्वासन होते, थोडा खर्च केल्यास वरून पेन्शन वाढवून आणतो, असे त्या गृहस्थाने त्याला सांगितले होते. आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. माझे निवृत्तिवेतन तिजोरीतून येते आणि महागाईबरोबर वाढते. त्याचे 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून येते. तेथे मालकाच्या वर्गणीतला पगाराच्या 8.33 टक्के इतका भाग, तोही ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच, जमा होतो, आणि निवृत्तिवेतनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागले की पेन्शनीचा आकडा निघतो. आजची मर्यादा 15,000 रुपयांची. तेवढ्या पगारावर दहा वर्षे भरली तर महिन्याला सुमारे 2,143 रुपये. महागाई वाढली म्हणून या आकड्यात आपोआप काही भर पडत नाही, आणि 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपयांवरच थांबलेली आहे. हे सारे ऐकून तो बराच वेळ पासबुकाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे माजी पेन्शन चुकल्याली न्हाई, ठरवल्यालीच इतकी हाय म्हणा की." ही रक्कम अपुरी आहे याविषयी आमच्यात मतभेद नव्हता, परंतु ती वाढवणे हे कायदा करणाऱ्यांच्या हाती आहे, मध्यस्थाच्या हाती नाही, एवढे ध्यानात येताच त्याने मध्यस्थाला द्यावयाचे पैसे खिशातच ठेवले.

त्याच्याच नात्यातला एक तरुण पुढे माझ्याकडे आला. वसाहतीतला एक कारखाना सोडून तो दुसऱ्यात लागला होता आणि पहिल्या नोकरीतला सारा फंड, पेन्शनीच्या भागासह, काढून दुचाकीचे हप्ते फेडावेत असा त्याचा बेत होता. मासिक पेन्शनीचा हक्क दहा वर्षांच्या सेवेने उत्पन्न होतो, साडेनऊ वर्षे भरली तरी ती दहा धरली जातात, आणि नोकरी बदलली तरी जुनी सेवा नव्या खात्याला जोडता येते, ही गोष्ट त्याला कोणीच सांगितली नव्हती. कंत्राटदार बदलला की हिशेब मोडायचा, पुन्हा शून्यापासून आरंभ करायचा, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हाती काहीच उरायचे नाही, असे किती जणांचे झाले असेल! त्याचे खाते जोडताना आधारवरचे नाव व कारखान्याच्या दप्तरातले नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. ती दुरुस्ती करून घेण्यास चिकाटी लागली, पण नोकरी चालू असतानाच ती झाली. निवृत्तीनंतर, जुना मालक कारखाना विकून गेल्यावर, तेच काम किती दुर्घट होते हे मी पाहिले आहे.

बायकांचे प्रश्न निराळे असतात. नवऱ्यामागे आलेली रक्कम घेऊन एक मावशी आल्या; बँकेपेक्षा दीड टक्का अधिक देणाऱ्या पतसंस्थेत ती सारी ठेवावी असे त्यांच्या भाच्याचे म्हणणे होते. पतसंस्थांविषयी मला आकस नाही. ज्याला बँकेने दारात उभे केले नाही अशा कित्येकांची लग्ने आणि दुखणी त्यांच्याच कर्जावर निभावली आहेत. पण बँक बुडाली, मग ती सहकारी का असेना, तर प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, आणि पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, हा भेद भाच्याने त्यांना सांगितलेला नव्हता. "त्यो तर घरचाच हाय, फसवंल व्हय?" असे त्या म्हणाल्या. भाचा फसवत नव्हताच. त्यालाही हा भेद माहीत नव्हता. अखेरीस त्यांनी मोठा भाग पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत घातला, थोडा बँकेत ठेवला आणि भाच्याचे मन राखण्यापुरता पतसंस्थेत.

उसाच्या बिलाची ठेव म्हणून दिलेली रक्कम प्रत्यक्षात दरवर्षी हप्ता मागणारी विमा पॉलिसी निघाल्याचे प्रकारही आमच्याकडे घडतात. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. पण तिची पाने उलटून पाहण्यापूर्वीच ती कपाटातल्या पितळी डब्यात जाऊन बसते. पेन्शनवाल्यांची अडचण वेगळीच: साखरगोदामात पोती वाहून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखता येत नाही, आणि हयातीच्या दाखल्याअभावी जिवंत माणसाची पेन्शन अडकते. मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो दाखला देता येतो, हे सांगितल्यावर एका म्हाताऱ्याने मला साखरपेढा देऊ केला. पासष्टी उलटलेल्या निर्धनाला श्रावणबाळ योजनेतून दरमहा साहाय्य मिळते आणि त्याचा अर्ज तहसील कचेरीत होतो, ही माहिती तर कचेरीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनाही नसते.

या साऱ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. आमच्या माणसांचे नुकसान माहितीच्या अभावाने जितके होते, त्याहून अधिक होते ते सांगणाऱ्याचा हितसंबंध न पारखल्यामुळे. मध्यस्थ, विमा प्रतिनिधी, ठेवी गोळा करणारा, हे सारे ओळखीचे असतात, म्हणूनच त्यांना कोणी प्रश्न विचारीत नाही. पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा केली पाहिजे: या व्यवहारावर कोणत्या सरकारी यंत्रणेची देखरेख आहे, रक्कम बुडाल्यास दाद कोठे मागावयाची, आणि मला सल्ला देणाऱ्याला मोबदला कोण देतो. ज्याच्याजवळ बरी पुंजी आहे त्याने सेबीकडे नोंदलेल्या आणि अशिलाकडूनच शुल्क घेणाऱ्या सल्लागाराकडे खुशाल जावे. भविष्य निर्वाह निधीची तक्रार असल्यास कोल्हापूरचे कार्यालय फार लांब नाही.

परंतु ज्याला यांतले काहीच झेपत नाही त्याच्यासाठी, सहीपूर्वी कागद शांतपणे वाचून देणारा आणि त्या सहीत ज्याचा कवडीचाही लाभ नाही असा माणूस जवळपास असावा लागतो. गावोगावच्या निवृत्त शिक्षकांना, पोस्टमास्तरांना आणि बँकेतल्या कारकुनांना माझी विनंती आहे की, शेजाऱ्याने कागद आणला तर तो पहिल्यापासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचून द्यावा, समजले नाही तर समजले नाही असे सांगावे, आणि त्याबद्दल चहापलीकडे काही घेऊ नये.