बुडीत खात्याचे पान

लक्ष्मी रस्त्यावरील कापडाच्या एका जुन्या पेढीचे मालक हिशोबाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. रोजमेळ जुळल्याशिवाय संध्याकाळी दुकानाचे शटर खाली येत नसे. दहा रुपयांचा फरक आला तरी मालक आणि मुनीम पुन्हा कीर्द चाळत बसत. एखादी उधारी बुडाली तर तिचे पान फाडायचे नाही, ती बुडीत खात्यात दिसलीच पाहिजे, हा वडिलांच्या काळापासूनचा दंडक होता.

याच गृहस्थांची आणखी एक वही होती, शेअरची. तारुण्यात ते दुपारी दुकानातून सवड काढून जवळच्याच कुमठेकर रस्त्यावरील पुणे शेअर बाजारात डोकावत. 1982 साली स्थापन झालेला तो बाजार मुंबईच्या संगणकीय व्यवहारांपुढे टिकला नाही. 2015 मध्ये सेबीच्या आदेशाने त्याचा शेअर बाजार म्हणून शेवट झाला. कागदी प्रमाणपत्रांच्या जागी डिमॅट खाते आले, भाव मोबाइलवर दिसू लागले, तरी वहीची सवय सुटली नाही. दर दिवाळीला ते नवे पान काढत आणि हाती असलेले शेअर, खरेदीची किंमत व आजचा भाव स्वच्छ अक्षरात उतरवून घेत.

त्या वहीत काही पाने बहिणीची होती. 2003 साली तिचे यजमान अकाली गेले. विम्याचे सहा लाख रुपये तिने भावाच्या हाती ठेवले आणि म्हणाली, "दादा, तुम्हाला समजेल तिथे गुंतवा." त्यांनी डिसेंबरअखेर बारा कंपन्यांत प्रत्येकी पन्नास हजार रुपये गुंतवले. त्यानंतर वीस वर्षे बहिणीने एकदाही हिशोब मागितला नाही. नातेवाइकांत मात्र दादांच्या हाताला यश आहे, असे ती अभिमानाने सांगत असे.

2024 च्या जानेवारीत बहिणीचा फोन आला. बिबवेवाडीचा फ्लॅट विकून ती मुलाकडे राहायला जाणार होती. हाती येणारे चाळीस लाख रुपयेही दादांनीच पाहावेत, अशी तिची इच्छा होती. दादांनी वही उघडली. तिच्या पानावर सात कंपन्या होत्या. साडेतीन लाखांचे चोवीस लाख झाले होते. नफा साडेवीस लाख. वीस वर्षांनी भागले तर दरसाल सुमारे 29 टक्के. त्यांनी समाधानाने तो आकडा मुलीला वाचून दाखवला. मुलगी सनदी लेखापाल होती.

तिने एवढेच विचारले, "पप्पा, आत्याने दिले होते सहा लाख. मग इथे साडेतीन कसे?"

दादा गप्प झाले. उरलेल्या पाच कंपन्या जुन्या वह्यांत सापडल्या. कुणाचे व्यवहार बंद पडले होते, कुणाचा भाव पैशांवर आला होता. दर दिवाळीला नवे पान काढताना जिवंत नावे तेवढी पुढे आली होती आणि मेलेली मागच्या वहीत राहिली होती. पान फाडले नव्हते. ते पुढे ओढलेच नव्हते.

सहा लाखांवर चोवीस लाख धरले, तेव्हा नफा तीनशे टक्के, म्हणजे सरळ भागाकाराने दरसाल पंधरा टक्के आला. मुलगी तिथेही थांबली नाही. सरळ व्याजाचा हिशोब इथे चालत नाही. दर वर्षीचा नफा मुद्दलात मिसळत जातो, म्हणून चक्रवाढीचा दर काढला पाहिजे, असे तिने समजावले. वीस वर्षांत रक्कम चौपट होणे म्हणजे दरसाल सुमारे 7.2 टक्के. मधल्या काळात बहिणीच्या बँकेत जमा झालेला लाभांश धरला, तर दर साडेआठच्या आसपास गेला. म्हणजे बँकेतील मुदत ठेवीच्या थोडेसेच पुढे.

मग तिने निर्देशांक समोर ठेवला. सेन्सेक्स 2003 च्या डिसेंबरअखेर सुमारे 5,840 होता. 2023 च्या डिसेंबरअखेर सुमारे 72,240, म्हणजे बारा पटींहून अधिक. निर्देशांकाप्रमाणे चालणारे फंड त्या वेळीही उपलब्ध होते. काही न निवडता तशा फंडात ठेवलेले सहा लाख, फंडाचा थोडा खर्च वगळता, सत्तर लाखांच्या पुढे गेले असते.

त्या रात्री दादांना झोप लागली नाही. बाजार चढला की रोज वही उघडायची आणि 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के कोसळला तेव्हा महिनाभर तिच्याकडे पाहायचेही नाही, ही आपली रीत त्यांना प्रथमच दिसली. दुकानात जे कधी केले नाही, ते बहिणीच्या पैशांबाबत घडले होते. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटा उपदेश आणि कूटलेख यांची गणना आहे, हे त्यांनी प्रवचनांत अनेकदा ऐकले होते. फसवण्याचा हेतू नव्हता, हे खरे. परंतु वहीतील आकडा हेतू पाहून बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या वह्या घेऊन स्वतः बिबवेवाडीला गेले. बुडालेल्या पाच कंपन्यांपासून सुरुवात केली आणि सारा हिशोब बहिणीसमोर मांडला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "दादा, या पाच तुम्ही विसरलात की लपवल्यात?"

"आधी विसरलो," दादा म्हणाले, "मग विसरलेलेच बरे वाटले."

बहिणीने चहा केला. चाळीस लाखांचा विषय त्या दिवशी निघाला नाही. निघताना तिने शेअरची वही स्वतःकडे ठेवून घेतली. "हिशोब आता मी लिहीन. तुम्ही तपासायला या," एवढेच ती म्हणाली. पुढे फ्लॅटच्या पैशांचा मोठा भाग बँकेत आणि निर्देशांक फंडात गेला. त्या निर्णयाच्या वेळी दादा हजर होते, पण सल्ला देण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक पर्यायात किती बुडू शकते तेही सांगितले.

आता बहिणीच्या वहीत दिलेल्या आणि काढलेल्या प्रत्येक रकमेची तारीख असते. विकलेल्या व बुडालेल्या कंपन्यांचे स्वतंत्र पान असते. लाभांश वेगळा लिहिला जातो. वर्षाअखेरीस भाची संगणकावर एक्सआयआरआर काढून देते, कारण वेगवेगळ्या तारखांना घातलेल्या पैशांचा खरा वार्षिक दर त्याच सूत्राने निघतो. त्याच्या शेजारी लाभांशासह निर्देशांकाचा दर लिहिलेला असतो. नव्याने घातलेली रक्कम नफा म्हणून मोजली जात नाही.

गेल्या दिवाळीत वही उघडली, तेव्हा पहिल्याच पानावर त्या पाच कंपन्यांची नावे बहिणीच्या अक्षरात होती. दादांनी ती वाचली, खाली तारीख घातली आणि मगच पान उलटले.