फुगडी सोडताना

माझ्या वर्गात नवीन बाई आली की पहिल्या दिवशी मी तिला फुगडी घालायला शिकवत नाही, सोडायला शिकवते. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, हात धरायचे आणि एकही गिरकी न घेता ते सोडायचे. आधी एक, मग दुसरा. नव्या बायका हसतात. "बाई, आधी घालू तर द्या!" मीही हसते, पण ऐकत नाही.

हा नियम एका मोडलेल्या मनगटानं मला शिकवला.

मुंबईतल्या एका शाळेत सव्वीस वर्षं खेळाची बाई म्हणून काढल्यावर मी सासरच्या घरी, मुरुडला राहायला आले. हे दापोली तालुक्यातलं मुरुड. जंजिऱ्याचं नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. समुद्राला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांना लागून घरं, असं आमचं गाव. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. ओंडके हलवल्यावर घरामागे एवढं ऊन पडलं की सासूबाई दोन दिवस तिकडे फिरकल्या नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही वाडीत रोपं लावली, पण तो एक तुकडा मोकळा ठेवला. जमीन चोपून सारवून घेतली, वर पत्रे घातले. पाटी लावलेली नाही. गावात त्याला 'बाईंचं खळं' म्हणतात.

सुरुवातीला मी तिथं मुंबई आणायला निघाले होते. मोठा स्पीकर, झुंब्याची गाणी आणि एका बाजूला माणसाच्या उंचीचा आरसा. बायका आल्या, आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या, पदर सारखा करत राहिल्या. आठवडाभरात निम्म्या गळाल्या. खाऱ्या हवेनं वर्षभरात आरशाचा पारा सुटला, तो काढून टाकला आणि कुणी विचारलंही नाही कुठे गेला म्हणून. स्पीकर अजून आहे; मुलांना तो लागतो. पण मोठ्यांचा वर्ग खरा सुरू झाला तो श्रावणातल्या एका मंगळवारी. कुणीतरी पदर खोचला, दुसरीला ओढलं आणि ज्यांना मी शिकवायला निघाले होते त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी कठड्याला टेकून बघत होते. मास्तरकीची सवय जात नाही. मनात नोंदी होत होत्या. झिम्म्यात टाळी आणि पाऊल यांचा मेळ. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा, म्हणजे मांड्यांची परीक्षा. कोंबड्यात उकिडव्यानंच उड्या. गाठोड्यात पायांचे अंगठे धरून लोळायचं, म्हणजे पाठीचा कणा मणक्या-मणक्यानं जमिनीला लावायचा. होडीत दोघींनी पाय लावून, हात धरून पुढे-मागे झुलायचं. जे मी शाळेत शिट्टी वाजवून, रांगा लावून करून घेत होते, ते सगळं इथे हसत चाललं होतं. आणि त्यातलं जवळजवळ काहीच एकटीनं करायचं नव्हतं.

त्या दिवशी मी शिट्टी पेटीत टाकली आणि फुगडीचा अभ्यास सुरू केला.

फुगडी दिसते सोपी. चवडे चवड्यांना भिडवायचे, हातांची कैची करायची आणि मागे रेलायचं. खरी गोष्ट या रेलण्यात आहे. दोघींपैकी एकटी त्या कोनात उभी राहिली तर मागच्या मागे पडेल. दोघी मिळून मात्र पडत नाहीत, कारण प्रत्येकीचा भार दुसरीनं तोलून धरलेला असतो. नवशिकी चुकते ती इथेच. घाबरून कोपर वाकवते, पोट पुढे काढते, स्वतःचा तोल स्वतःच सांभाळायला जाते. मग फुगडी लडबडते. मी सांगते, "हात सरळ सोड. भार दे तिला. तू दिलास तरच ती तुला देईल."

भाराचा हिशेब वेगाबरोबर बदलतो. वेग दुप्पट झाला की हातांवरची ओढ चौपट होते. म्हणून पकड तळव्यांची नको, मनगटांची हवी. हिनं तिचं मनगट धरायचं, तिनं हिचं; एकीची बोटं सुटली तरी दुसरीची असतात. त्याआधी काचेच्या बांगड्या कोपराकडे सारून वर रुमाल बांधायचा. आमच्या खळ्यात दाराशी एका दोरीवर रुमाल वाळत असतात, ते त्यासाठी. श्वास कोंडायचा नाही. फुगडीत तोंडानं जो 'फू' निघतो तो नुसता ठेका नव्हे. दम रोखून जोर केला की रक्तदाब चढतो, 'फू' म्हणणारी दम रोखूच शकत नाही. आणि पायाखाली सारवलेली जमीनच लागते. गुळगुळीत लादीवर घामानं पाय सटकतो, सिमेंट-काँक्रीट गुडघ्याला उलटा ठोसा देतं, पुळणीवर चवडा रुततो आणि फिरतच नाही. सारवण पायाला धरतं आणि सोडतंही. पावसाळ्यात ते दर चार दिवसांनी करावं लागतं. फी म्हणून मी घेते ते शंभर रुपये आणि महिन्यातून एकदा सारवणाची पाळी.

आता ते मनगट. दुसऱ्या वर्षी श्रावणातच एक जोडी मस्त रंगली होती. बासष्टीची जाऊ आणि पन्नाशीची जाऊ. वेग जास्त होतोय असं वाटून मी शाळेतल्या आवाजात ओरडले, "थांबा!" शाळेत या आवाजानं दोनशे मुलं जागीच थिजत. त्या दोघीही आज्ञाधारक. थांबल्या, म्हणजे दोघींनी एकाच क्षणी हात सोडले. थोरली मागे गेली, हात टेकला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. पाळी उलटलेल्या बाईचं हाड किती ठिसूळ झालेलं असतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. माझ्या तोंडच्या एका शब्दाचं वजन मात्र ठाऊक नव्हतं. तिच्या घरी भाजी-भाकरी पोचवताना रोज मनात यायचं, की सव्वीस वर्षं मी मुलांना सुरू कसं करायचं हे शिकवलं. थांबायचं कसं, हे शिकवलं ते फक्त शिट्टीनं.

तेव्हापासून मी खळ्यात 'थांबा' म्हणत नाही. "जवळ या," म्हणते. जवळ आलं की रेलणं आपोआप कमी होतं, अंग उभं होतं, पावलं बारीक होतात. गिरकी विरून जाते, पण हात धरलेलेच. मग दहा आकडे मोजायचे.

हे दहा आकडे कानासाठी आहेत. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण गरगर फिरलो की तोही फिरायला लागतो. आपण थांबलो तरी तो काही क्षण फिरत राहतो आणि मेंदूला सांगत राहतो की अजून फिरतंय. चक्कर म्हणतात ती ही. कथकवाले चक्कर घेताना नजर एका जागी रोवतात आणि मान शेवटी फिरवतात. फुगडीवाल्यांची युक्ती त्याहून साधी. समोरचीच्या तोंडाकडे बघायचं. सगळं जग फिरतं; ते एक तोंड तेवढं जागच्या जागी राहतं. थांबल्यावरही दहा आकडे होईपर्यंत त्याच तोंडाकडे बघायचं, मग एक हात, मग दुसरा.

सगळ्या वयांची माणसं एका जागी खेळवायची तर प्रत्येकाला वेगळा व्यायाम द्यावा, अशी माझी समजूत होती. फुगडीनं तीही मोडली. आठ वर्षांची नात आणि तिची आजी. एक एकोणतीस किलो, दुसरी अठ्ठावन्न. जोडी जमेना. आजी मध्यावर पाय रोवायची तर नात भेलकांडायची. मग लक्षात आलं, मध्य दोघींच्या बरोबर मधोमध नसतोच. जी दुप्पट जड, तिच्याकडे तो सरकतो. आजीनं लहान वर्तुळात, जवळजवळ जागच्या जागी फिरायचं. नातीनं तिच्याभोवती मोठ्या वर्तुळात धावायचं. हे पटल्यावर दोघी भिंगरीसारख्या फिरल्या. आजीचे गुडघे वाचले, नातीची रग जिरली. घरातही बहुधा असंच चालत असावं.

सकाळचा वर्ग पुळणीवर असतो, पण त्याची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. इथले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. त्या दिवसांत सकाळी पाणी वर असतं, चालायला घट्ट वाळू उरत नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास मात्र सकाळी सहाला ओहोटी असते, लांबवर ओली, घट्ट वाळू मिळते आणि म्हाताऱ्यांनाही अनवाणी चालता येतं. वर्गाचं वेळापत्रक मागणाऱ्यांना मी कालनिर्णय दाखवते.

पुरुष येतात ते शिमग्याआधी. पालखी नाचवायची तर खांदा, मांडी आणि चौघांचा एक श्वास लागतो. एकानं आपल्या मनानं गुडघा वाकवला की देवी कलंडते. गणपतीआधी जाखडीची पोरं येतात, पायात चाळ बांधून. मधे ढोलकी आणि बुवा, भोवती गोल. शक्तीवाल्यांनी प्रश्न टाकायचा, तुरेवाल्यांनी उत्तर द्यायचं आणि हे रात्रभर. एवढा दम कुठल्या मशीनवर मोजायचा? तरी घोट्याचे व्यायाम मी त्यांच्याकडून करून घेते, कारण रात्रभर एकाच बाजूनं गोल फिरल्यावर आतल्या बाजूचा घोटा कुरकुरतो. गणपतीला चाकरमानी घरी आले की मुंबईच्या जिममध्ये जाणाऱ्या सुना तिसऱ्या फुगडीला भिंत धरतात. सासवा काही बोलत नाहीत, नुसतं पाणी आणून देतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं की मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकद यांचे व्यायाम करावेत. याला आता 'वेलनेस' म्हणतात. मला त्यापेक्षा आमच्या गावाशी नातं असलेला एक शब्द आवडतो. रघुनाथ धोंडो कर्वे १८८२ साली इथे मुरुडला जन्मले. १९२७ मध्ये त्यांनी मासिक काढलं आणि मरेपर्यंत, १९५३पर्यंत, चालवलं. त्यातल्या लिखाणावर अश्लीलतेचा आरोप झाला म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढले. मासिकाचं नाव 'समाजस्वास्थ्य'. स्वास्थ्य एकट्याचं नसतं, हे त्या नावातच आहे.

त्यांचे वडील महर्षी अण्णासाहेब कर्वे. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला शंभर मैलांहून जास्त पायी गेले आणि लहान दिसतो म्हणून परत पाठवले गेले. १०४ वर्षं जगले. पण आमच्या गावात त्यांची आणखी एक आठवण आहे, ती आम्ही कमी सांगतो. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं. पत्नीला घेऊन मुरुडला आले तेव्हा गावानं सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं; गावाला अभिमान वाटला, आजही वाटतो. तरी मंगळागौर सवाष्णींची, हे चालूच राहिलं. नवरा गेला की बाईनं कडेला बसायचं, फार तर गाणी म्हणायची. खेळायचं नाही. कुणी अडवत नसे. तिचं तीच उठत नसे.

आमच्या सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. सासरे गेले तेव्हा त्या एकेचाळीसच्या होत्या. गावात फुगडीला त्यांच्या तोडीची बाई नव्हती असं जुन्या बायका सांगतात. मी कधी पाहिली नाही. खळं झाल्यापासून त्या रोज संध्याकाळी ओटीच्या मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. झिम्म्याच्या टाळ्या बसल्या जागी वाजवतात. चुकलं की "ठेका गेला गो" एवढंच म्हणतात.

यंदा श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी खेळ संपले, बायका रुमाल दोरीवर टाकून निघत होत्या. मनगट मोडलेली ती थोरली जाऊ पुन्हा येते आता, तिनं जाता जाता सासूबाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, "आजी, या ना एक." मी घाईघाईनं म्हटलं, "नको, आईंचे गुडघे..." तोवर सासूबाई खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या होत्या. त्यांनी पदर खोचला. मग त्या जावेकडे नव्हे, माझ्याकडे आल्या आणि मनगटं पुढे केली. एका हातात घड्याळ, दुसरा रिकामा. रुमालाची गरज नव्हती.

मी चवडे भिडवले नाहीत, रेललेही नाही. पाऊल-पाऊल करत आम्ही कशीबशी अर्धी गिरकी घेतली. त्यांची पाठ वाडीकडे होती, ती घराकडे झाली, एवढंच. त्यांच्या ओठांतून बारीक 'फू' आला. मग आम्ही उभ्या राहिलो. मी मनात दहा मोजले आणि सवयीनं एक हात सोडायला गेले.

"राहू दे गो जरा," त्या म्हणाल्या. "फिरतंय अजून."

अर्ध्या गिरकीत कुणाच्या कानातलं काही फिरत नाही. मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.