ट्रान्सफर केस उघडण्यापूर्वी

मिरज, आषाढ

चि. बाळास,

काल रात्री फोनवर तू सांगितलेलं सगळं ऐकलं. आल्याची पोती भरून गाडी पाणंदीत रुतली, तू फोर व्हीलचं बटण फिरवलंस, दिवा नुसता लुकलुकत राहिला, पुढची चाकं ढिम्म आणि शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरला टोचन लावून गाडी काढावी लागली. रहिमतपूरच्या काळ्या रानात पावसाळ्यात हे व्हायचंच. पण मिस्त्रीने गाडीखाली न वाकता, दिव्याकडे बघून ‘ट्रान्सफर केस खोलावी लागेल’ म्हटलं आणि तू मान डोलावलीस, तिथे मी अस्वस्थ झालो. फोनवर सांगून हे समजणार नाही. कागद मात्र गाडीखाली नेता येतो, म्हणून लिहितोय.

आधी ताकद कुठून कुठे जाते ते डोळ्यासमोर आण. इंजिन, गिअरबॉक्स, तिच्या मागे ट्रान्सफर केस. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, तो कायम फिरतो. दुसरा पुढे जातो, तो तू बटण फिरवल्यावर जोडला जातो. पुढे गेलेली ताकद डिफरन्शियलमधून दोन बाजूंच्या शाफ्टना आणि तिथून हबमधून चाकांना मिळते. तुझ्या गाडीत हे हबही एरवी सुटे असतात आणि फोर व्हील लावली की व्हॅक्यूमने आपोआप जोडले जातात. म्हणजे जोडणी दोन ठिकाणी व्हावी लागते, ट्रान्सफर केसमध्ये आणि हबमध्ये. ‘फोर व्हील लागत नाही’ ही झाली तक्रार. या दोन जागांपैकी कुठे तुटलंय ते त्यावरून कळत नाही, दिव्यावरूनही पुरतं कळत नाही. दिव्याचा स्विच बिघडला की फोर व्हील लागूनही तो लुकलुकतो, आणि हब सुटा असला तरी कधी कधी ऐटीत पेटतो.

हब सुटे ठेवण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी जिपा लोकांच्या हातात आल्या आणि साध्या रस्त्यावर पुढचं सगळं लटांबर उगाच फिरतं, पेट्रोल खातं आणि झिजतं हे त्यांच्या लक्षात आलं. १९४८ च्या सुमारास आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने चाकाच्या मधोमध हाताने फिरवायची चकती बसवून हा प्रश्न सोडवला. महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली तीही त्याच दशकाच्या अखेरीस. त्या जिपांत गिअरच्या दांडक्याशेजारी दोन छोटी दांडकी असत, एक पुढचा ॲक्सल जोडायला आणि एक हाय-लो बदलायला. ज्या जिपांना हाताचे हब बसवले होते, त्यांत दांडकं ओढायचं आणि चिखलात उतरून चकतीही फिरवायची, असे दोन्ही सोपस्कार. हब ‘फ्री’वर ठेवून दांडक्याला शिव्या देणारे महाभाग मी भरपूर पाहिलेत. आता ते काम व्हॅक्यूम करतो. कपडे खराब होत नाहीत, पण बिघाड नजरेआड गेला.

आता परीक्षा. गाडी सपाट जागी उभी कर. थोडी पुढे-मागे सरळ घेऊन फोर हाय लाव. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. मग खाली जाऊन पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघ. किंचित ढिलाई सोडली तर तो फिरता कामा नये, कारण तो आता मागच्या शाफ्टला बांधला गेलाय आणि मागची चाकं जमिनीवर घट्ट आहेत. फिरला नाही आणि पुढच्या परीक्षेत एखादा हब सुटा निघाला, तर ट्रान्सफर केस आपलं काम चोख करतेय, तिला हात लावायचं कारण नाही; दोन्ही हब लागलेले असतील तर मात्र जमिनीवरची पुढची चाकंही शाफ्ट धरून ठेवतात. गरागरा फिरला, तर मात्र दोष तिथे किंवा तिला हलवणाऱ्या मोटरीत.

मला दाट संशय हबचा आहे. प्रोपेलर शाफ्ट फिरत नाही याची खात्री झाली की पुढचं एक चाक जॅकवर उचल. जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही, बाजूला बसूनच बघायचं. बटण आधी इंजिन चालू असताना फिरवलेलं असू दे, म्हणजे हबना व्हॅक्यूम मिळालेला असेल. चाक हाताने फिरव आणि नजर ठेव चाकामागच्या रबरी बुटाच्या शाफ्टवर. चाकाबरोबर शाफ्ट फिरला तर तो हब लागलाय. चाक फिरतंय आणि शाफ्ट जागचा हलत नाही, तर हब सुटा. मग दुसरी बाजू. चाक सहज फिरलं म्हणून त्याच बाजूच्या हबला दोष देऊ नकोस. डिफरन्शियलचा स्वभावच असा की ज्या बाजूला अडवणूक नाही तिकडे तो सगळी फिरकी देऊन मोकळा होतो. डावा हब सुटा राहिला तर डावा शाफ्ट नुसता भिरभिरतो आणि चांगला असलेला उजवाही चाकाला रेटा देत नाही. एका हबपायी पुढची दोन्ही चाकं मेली, असं होतं. म्हणून शाफ्टकडे बघायचं, चाकाकडे नाही.

हब लागत नसेल तर व्हॅक्यूमचा माग काढ. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि ब्रेकच्या बूस्टरलाही तोच पुरतो. ब्रेक पूर्वीपेक्षा कडक लागत असेल तर ते आधी सांग, मग फोर व्हीलचं राहू दे, ब्रेकचं पहिलं बघू. ब्रेक ठीक असेल तर पंप ठीक. तिथून बारीक रबरी नळी सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे आणि पुढे दोन्ही हबकडे जाते. या नळ्या उन्हाने तडकतात, चिखलाच्या ढेकळाने निखळतात आणि उसाच्या कडेला गाडी लावत असशील तर उंदीर त्या कुरतडतात. हबजवळची नळी काढ, दुसऱ्या कोणाला इंजिन चालू करून फोर हाय लावायला सांग आणि नळीच्या तोंडावर अंगठा ठेव. अंगठा ओढला गेला पाहिजे. ओढ नसेल तर एकेक जोड मागे जात तपास. ओढ आहे तरी हब लागत नाही, तर मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आण, नळीच्या तुकड्याने हबच्या तोंडाला जोड आणि दट्ट्या मागे ओढून सोड. दट्ट्या परत आत गेला तर सील धड आहे, हब आतून चिखलाने किंवा घट्ट झालेल्या ग्रीसने अडकलाय. दट्ट्या बाहेरच राहिला तर सील गेलंय. सिरिंजला खर्च किती, आणि ट्रान्सफर केस उतरवायची मजुरी किती, याचा हिशेब तूच कर.

पहिल्या परीक्षेत पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरलाच तर काय, तेही लिहून ठेवतो. फ्यूज बघायचा. मग ट्रान्सफर केसवरच्या मोटरीचा कनेक्टर, कारण वॉशिंग सेंटरवाले दाबाचं पाणी नेमकं तिथे मारतात आणि पिना हिरव्या पडतात. बटण फिरवल्यावर मोटरीचा घरघर आवाज येतो का ते ऐकायचं. तेल कोणतं भरलंय ते विचारायचं, कारण पुस्तकात पातळ तेल सांगितलेलं असताना कोणीतरी ‘जाड चांगलं’ म्हणून भलतंच ओतून ठेवतो. हे सगळं पाहून झालं की मग पाने काढायचे.

आता तुझ्या चालवण्याबद्दल बोलतो, रागावू नकोस. मागची चाकं चिखलात भिरभिरत असताना तू बटण फिरवलंस, हे तूच सांगितलंस. आतली जोडणी दातांची असते. मागचं सगळं वेगाने फिरतंय आणि पुढचं स्थिर, मग दात दातांत बसणार कसे? दिवा लुकलुकतो याचा बहुतेक वेळा एवढाच अर्थ, की दात अजून बसले नाहीत. कमंडलू नदीकडे उतरणारी वाट ओली दिसली की कोरड्यावर असतानाच फोर हाय लावायची, सरळ पुढे जायचं, दिवा स्थिर झाला की मग चिखलात शिरायचं. लो लावताना गाडी पूर्ण उभी, गिअर न्यूट्रल. आणि कोरेगावच्या डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत टू व्हील.

टायरचंही तसंच. तू मागे नवे घातलेस, पुढे झिजलेले ठेवलेस. नक्षीत ७ मिलिमीटरचा फरक धरला तर चाकाच्या एका फेऱ्याला सुमारे ४४ मिलिमीटरचा फरक पडतो, किलोमीटरमागे वीसेक मीटर. चिखलात तो घसरून जिरतो, डांबरावर शाफ्टांना पीळ भरत जातो आणि मग लागलेली फोर व्हील सुटत नाही. तेव्हा जबरदस्ती न करता चार हात रिव्हर्स घ्यायची, पीळ उतरतो. टायर मात्र चारी सारखे कर.

भोपाळला लष्कराच्या ई.एम.ई.मध्ये शिकलो तेव्हापासून शक्तिमान ट्रकांशी आयुष्य गेलं. आमच्याकडे गरज असो-नसो, पुढचा ॲक्सल ठरावीक दिवसांनी जोडून गाडी फिरवायचीच. तुझी फोर व्हील गेल्या पावसाळ्यानंतर एकदाही लावलेली नाही, हे मी पैजेवर सांगतो. महिन्यातून एकदा शेताच्या कच्च्या रस्त्यावर लावत जा.

मिस्त्री वाईट नाही. त्याला इंजिन कळतं, फोर व्हीलच्या गाड्या त्याच्याकडे कमी येतात इतकंच. त्याच्यासमोर हे पत्र काढू नकोस, त्याला कमीपणा वाटेल. शाफ्टची आणि हबची परीक्षा तू आधी घरी कर आणि चाक फिरूनही कोणत्या बाजूचा शाफ्ट फिरला नाही ते मला कळव. तोवर ट्रान्सफर केसचा एकही बोल्ट सैल करू द्यायचा नाही.

अक्काला व दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा