मैदान दुरुस्तीसाठी बंद आहे

काही माणसांना प्रवासापेक्षा प्रवासाचा बेत आखण्यातच अधिक आनंद वाटतो. माझे एक स्नेही या पंथाचे आहेत. निवृत्त झाल्यावर येरवड्याच्या मैदानावर ते गोल्फ शिकले आणि त्यांच्या पाठोपाठ मीही. आमच्या खेळात सांगण्यासारखे काही नाही. चेंडू मारण्यापेक्षा तो झुडपात शोधण्यातच आमची सकाळ अधिक खर्ची पडते. तथापि भक्ताची योग्यता पाहून तीर्थक्षेत्र आपली दारे मिटून घेत नाही, या भरवशावर सात वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की, एकदा स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजला जायचे आणि तेथील जुन्या मैदानावर खेळून यायचे.

बेत ठरला त्याच संध्याकाळी स्नेह्यांनी एक जाड वही विकत आणली. "इतक्या दूर जायचे, इतका पैसा खर्चायचा, तर मैदान संपूर्ण अवस्थेत पाहिले पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. जगातल्या प्रत्येक नामांकित मैदानाला वहीत एक पान मिळाले. मैदान खुले असेल तर हिरवी शाई, दुरुस्तीसाठी बंद असेल तर तांबडी. सेंट अँड्र्यूजच्या वाटेवर आणखी चार मैदाने पाहावीत, असे ठरल्यामुळे पाचही पाने एकाच वेळी हिरवी होण्याची वाट पाहणे आले. पण एक पान हिरवे झाले की दुसरे तांबडे होई.

यात मैदानांचा दोष नाही. ज्या हिरवळीवर चेंडू अलगद घरंगळत खळग्यात पडतो, तेथील गवत अवघे काही मिलिमीटर उंच राखलेले असते. शेकडो पावलांखाली माती दबते, मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून ठराविक काळाने हिरवळीत भोके पाडून त्यांत वाळू भरावी लागते. त्यानंतर काही दिवस ती हिरवळ देवी आलेल्या मुलाच्या चेहऱ्यासारखी दिसते. वाळूच्या खड्ड्यांच्या गवती भिंती काही वर्षांत खचतात. त्या पुन्हा रचाव्या लागतात. सेंट अँड्र्यूजला तर थंडीत गवत वाढत नाही, म्हणून नोव्हेंबर ते मार्च खेळाडूने बरोबर एक छोटी चटई न्यायची आणि मधल्या गवतावरचा प्रत्येक फटका चेंडू तिच्यावर ठेवून मारायचा, असा नियम आहे. आमच्या वहीत हे पाचही महिने तांबडे होते.

एकदा स्नेही अमेरिकेतील पाइनहर्स्टच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानाची हकीकत घेऊन आले. डोनाल्ड रॉस यांनी आखलेले हे मैदान १९०७ साली खुले झाले आणि १९४८ साली मृत्यू येईपर्यंत रॉस त्यात फेरफार करीत राहिले. प्रारंभी तेथे हिरवळ नव्हतीच. चेंडू सरकायचा तो वाळूवर. १९३५ साली तेथे गवत आले. पुढे गवत इतके माजले की मूळ रूप लोपले. तेव्हा २०१० साली बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी १९४३ मधील, विमानातून घेतलेली छायाचित्रे समोर ठेवून तीसहून अधिक एकर गवत उपटून काढले आणि वाळू पुन्हा उघडी केली. २०१४ साली तेथे पुरुषांची आणि स्त्रियांची अशा दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा लागोपाठ झाल्या. आणि त्या संपताच सर्व हिरवळी उखडून दुसऱ्या जातीचे गवत लावण्यात आले!

"म्हणजे आपण २०१२ साली तिकडे जायला हवे होते," स्नेही कष्टी होऊन म्हणाले. २०१२ साली आम्हा दोघांना गोल्फची काठी कशी धरतात हेही ठाऊक नव्हते, याची मी त्यांना आठवण दिली नाही.

पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक शंका घर करून बसली. संपूर्ण झालेले मैदान म्हणजे काय? ज्या जुन्या मैदानासाठी आमची ही तपश्चर्या चालली होती, तेथे १७६४ पूर्वी बावीस होल खेळले जात. त्या वर्षी चारांचे दोन केले आणि जाता-येता मिळून अठरा उरले. आज सारे जग प्रमाण मानते तो अठराचा आकडा हाच मुळी एका दुरुस्तीचे अपत्य आहे! २०२३ साली तेथील स्विल्कन ओढ्यावरच्या चिमुकल्या दगडी पुलापाशी फरसबंदी केली, तेव्हा जगभर असा गहजब झाला की थोड्याच दिवसांत ती उखडून पुन्हा गवत लावावे लागले. दुरुस्तीचीही दुरुस्ती! २०२४ साली पंढरपुरास मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम चालले असता पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद होते. तरी लोक गेले, मुखदर्शन घेऊन तृप्त मनाने परतले. त्यांच्यापैकी कोणी वही ठेवली असेल असे वाटत नाही.

हे सारे मला कळत होते. पण मी बोललो नाही, हे कबूल केले पाहिजे. बेत पुढे ढकलला गेला की मलाही सुटल्यासारखे वाटे. खर्च टळे, परक्या लोकांसमोर होणारी फजिती टळे. त्यांच्या वहीच्या आड मी सात वर्षे सुखाने लपून बसलो होतो.

यंदा पावसाळ्यात स्नेह्यांच्या दृष्टीच्या मध्यभागी एक धूसर डाग दिसू लागला. तो पुसला जाणार नाही, फार तर त्याची वाढ मंदावेल, असे डॉक्टरांनी सांगितले. पन्नास पावलांपलीकडे गेलेला चेंडू आता त्यांना दिसत नाही. भेटायला गेलो तेव्हा वही मिटून बाजूला ठेवलेली होती. ते हसून म्हणाले, "आता माझ्याच मैदानाचे काम निघाले आहे. ते पुन्हा कधी खुले होईल, हे लिहायला वहीत जागा नाही."

मी त्यांना म्हणालो, "आपण येत्या नोव्हेंबरात जाऊ."

"नोव्हेंबर? अहो, तेव्हा चटया असतात!"

"असू द्यात."

"आणि चिठ्ठीत आपले नाव निघाले नाही तर?" तेथे खेळायची पाळी चिठ्ठ्या टाकून मिळते, हे त्यांना वहीवाचूनही पाठ होते.

"तर रविवारी जाऊ. रविवारी तेथे खेळ बंद असतो आणि वाटेल त्याला मैदानावर फिरता येते. तुम्हीच वहीत लिहिले आहे."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग, चटई केवढी असते, असे त्यांनी विचारले.

सध्या रोज सकाळी येरवड्याला आम्ही कृत्रिम गवताच्या एका तुकड्यावर चेंडू ठेवून सराव करतो. स्नेही फटका मारतात आणि विचारतात, "कुठे गेला?" मी सांगतो, "डावीकडे, झुडपात." मग आम्ही दोघे तो शोधायला निघतो.