तांबड्या नळाची शिस्त

कारखान्यांच्या, मोठ्या इस्पितळांच्या अथवा वसतिगृहांच्या आवारात तांबडा रंग दिलेला, साधारण कमरेइतका उंच असा एक लोखंडी नळ वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या माथ्यावर वा बाजूस एक चाक असते, आणि शेजारी काचेच्या दाराची तांबडी पेटी असते. पेटीत जाड पाईपची गुंडाळी व पितळी अथवा तशाच दुसऱ्या धातूचे नोझल ठेवलेले असते. या नळास हायड्रंट म्हणतात. आग लागली असता तो उघडावयाचा, एवढेच बहुतेकांस ठाऊक असते.

आपल्या जोयडा तालुक्यातील वाड्यांतून असा नळ दिसत नाही; तेव्हा आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या घरांतील मुलगे व मुली आज दांडेलीस, बेळगावास, गोव्यात आणि मुंबईस पोटासाठी जातात. कोणी हॉटेलात, कोणी इस्पितळात, कोणी कारखान्यात रात्रपाळी करतात. तेथे प्रत्येक मजल्यावर हा तांबडा नळ त्यांच्या हाताशी उभा असतो. आणि संकटाच्या वेळी प्रथम त्याच्यापाशी पोहोचणारा मनुष्य हा मोठा अधिकारी नसून बहुधा असाच एखादा खेड्यातून आलेला कामगार असतो. म्हणून हा विषय आज आपल्या कुटुंबांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

हायड्रंट म्हणजे घरच्या नळाचा थोरला भाऊ, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे. त्यातील पाणी पंपाने अगर उंच टाकीने दाबाखाली ठेवलेले असते. मोठ्या इमारतींत अगदी दूरच्या नळापाशीही दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३.५ किलो एवढा दाब मिळावा अशी अपेक्षा असते. या दाबाने २० मिलिमीटर तोंडाच्या नोझलातून मिनिटास सुमारे ५०० लिटर पाणी बाहेर पडते. म्हणजे १५ लिटरची घागर दोन सेकंदांत भरते. आणि जितक्या जोराने पाणी पुढे धावते, तितक्याच जोराने ते धरणाऱ्यास मागे ढकलते. वरील हिशेबाने तो रेटा सुमारे २२ किलोंचा होतो. दाब दुप्पट झाला तर रेटाही दुप्पट. शिवाय ६३ मिलिमीटर व्यासाचा १५ मीटर लांब पाईप पाण्याने भरला म्हणजे त्यातील पाण्याचेच वजन सुमारे ४७ किलो होते. धान्याचे जवळजवळ भरलेले पोते, आणि तेही वळवळणारे! ते एकट्याने सांभाळण्याची वस्तू नव्हे.

याचा प्रत्यय आम्हांस काही वर्षांपूर्वी एका शहरात आला. तेथील एका वसतिगृहात आम्ही पाहुणे म्हणून उतरलो होतो. रात्री दहाच्या सुमारास गाद्या ठेवण्याच्या खोलीतून धूर येऊ लागला. हायड्रंट जवळच होता. परंतु पेटीस कुलूप, आणि किल्ली घरी गेलेल्या कारकुनाच्या खिशात. कोणी तरी काच फोडली. तिघे धावले, तिघेही धीट होते, पण एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. एकाने पाईप नळास जोडला. पाईप अजून अर्धा पेटीत, अर्धा जमिनीवर वेटोळे घालून पडलेला, नोझल कोणाच्याच हाती नाही. इतक्यात दुसऱ्याने घाईने चाक फिरवून नळ पुरता उघडला. वेटोळी फुगली, एकामागून एक सुटली, आणि धातूचे नोझल डिवचलेल्या नागाप्रमाणे उसळून स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका मुलाच्या जबड्यावर बसले. तो आपल्याच तालुक्यातील मुलगा होता. घरची शेती पुरत नाही म्हणून नोकरीस आलेला. त्याचे दोन दात पडले व जबड्याचे हाड मोडले. कित्येक आठवडे तो पेजेवर राहिला.

आणि आग? ती विझविली तेथील एका वयस्क परिचारिकेने. तिने घाबरलेल्या विद्यार्थ्यांस न्हाणीघराच्या हौदापासून खोलीच्या दारापर्यंत एका ओळीत उभे केले व बादल्या हातोहात पुढे पाठविल्या. मिनिटास ५०० लिटर पाणी देणारे यंत्र अंगणात सैरावैरा नाचत होते, आणि बादल्यांची रांग आपले काम करीत होती. फरक पाण्यात नव्हता. एका ठिकाणी प्रत्येकास आपली जागा ठाऊक होती, दुसऱ्या ठिकाणी ती कोणासच ठाऊक नव्हती.

हायड्रंटची शिस्त ती हीच. प्रथम मनुष्ये बाहेर काढावीत, विजेचा मुख्य खटका बंद करावा, आणि एकाने १०१ अथवा ११२ या क्रमांकावर फोन करून ठिकाण स्पष्ट सांगावे. हे होण्यापूर्वी पाण्याचा विचार करू नये. नळ चालविण्यास निदान तिघे पाहिजेत: दोघे नोझलापाशी, एक चाकापाशी. एकटा मनुष्य असेल तर त्याने नळास हात लावण्यापेक्षा लोकांस जागे करावे. त्यातच अधिक जीव वाचतात.

पाईप पाणी सोडण्याआधी शेवटपर्यंत उलगडला पाहिजे. त्यास पीळ वा मुरड राहू नये. जोड बसविताना खट्‌ असा आवाज येतो. तरीही एकदा ओढून पाहावे. मग नोझल धरणाऱ्यांनी एक पाय पुढे, एक मागे असे रोवून उभे राहावे. पुढच्याने नोझल दोन्ही हातांनी धरावे, मागच्याने पाईप काखेत घट्ट दाबून त्याचा भार उचलावा. दोघांचीही तयारी झाली म्हणजेच पुढच्याने हात वर करून खूण करावी. चाकापाशी असलेल्याने ती खूण दिसेपर्यंत चाकास स्पर्शही करू नये. आगीकडे नव्हे, त्या हाताकडे पाहावे. खूण मिळताच चाक डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, सावकाश फिरवावे. प्रथम थोडेसे, पाईपातील हवा निघून तो भरू द्यावा, मग हळूहळू अधिक.

बंद करतानाही हीच सावकाशी हवी. धावत्या पाण्यास एकाएकी अडविले तर त्याचा आघात नळांवर हातोड्यासारखा बसतो व जोड फुटतात. नोझल हातातून निसटलेच, तर ते पकडावयास कोणीही धावू नये. मागे सरावे आणि “नळ बंद!” अशी आरोळी द्यावी. चाकापाशी मनुष्य उभा ठेवावयाचा तो याचसाठी. त्याने जागा सोडून आग पाहावयास जाणे म्हणजे नावेचे सुकाणू सोडून मासे बघणे होय.

पाण्याची धार ज्वाळांच्या शेंड्यावर नव्हे, तर जे जळत आहे त्याच्या बुडाशी मारावी. आपल्या पाठीमागे बाहेर जाण्याची वाट मोकळी असावी. धूर असल्यास वाकून राहावे, आणि धूर दाटला तर पाणी सोडून बाहेर पडावे. चालू विजेच्या तारांवर वा यंत्रांवर धार मारू नये, कारण त्या धारेतूनच वीज धरणाऱ्याकडे येऊ शकते. पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर त्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चोहीकडे उडते. घरी कढई पेटली तर गॅस बंद करून तीवर झाकण ठेवावे, हाच उपाय. म्हणजे पाणी कोठे मारू नये हे जाणणे, कोठे मारावे हे जाणण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

या बाबतीत मुंबईच्या गोदीतील दुर्घटना विसरता येत नाही. फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईस आले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्या. १४ एप्रिल रोजी दुपारी कापूस धुमसू लागला. बंबवाले आले, त्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले. परंतु आगीचे मूळ सापडेना. जहाज तेथेच बुडवावे की बाहेर समुद्रात न्यावे, याचा निर्णय वेळेवर झाला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो नागरिक मृत्यू पावले, हजारो बेघर झाले. आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य करीत असता कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून आपल्या देशात पाळतात व तेथून २० एप्रिलपर्यंत सप्ताह साजरा होतो. त्या वीरांस पाण्याची कमतरता नव्हती, ना धैर्याची, ना शिक्षणाची. काय जळत आहे हे ओळखून एका तोंडाने हुकूम सुटावयास पाहिजे होता, तो सुटला नाही. मोठ्या बंदरास जे लागू, तेच आपल्या गोठ्यासही लागू आहे.

शहरात राहणाऱ्या आपल्या मुलांस आणखी दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. रस्त्यावरील हायड्रंट अग्निशमन दलासाठी असतात. ते आपण उघडल्यास बंबाला मिळणारा दाब कमी होतो. आणि दल येऊन पोहोचताच आपण सुरू केलेले काम त्यांच्या स्वाधीन करून बाजूस व्हावे. आत कोणी राहिले आहे काय, सिलिंडर कोठे आहेत, एवढे मात्र त्यांस सांगावे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या मजल्यावरील पेटी पाहून घ्यावी. तीस कुलूप आहे काय? पुढे खोकी रचली आहेत काय? पाईप सुका व अखंड आहे काय? चाक फिरते की गंजले आहे? आढळेल ते वरिष्ठांस नम्रपणे पण निश्चित सांगावे.

आता आपल्या घराकडे वळू. आपला तालुका पाण्याचा आहे. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीच्या धरणाने जुने सुपे गाव पोटात घेतले. त्या पाण्यावर वीज निर्माण होते. तरीही फाल्गुन-चैत्रात डोंगर सुकला, रानात वणवा उतरला, अथवा पेंढ्याची गंजी पेटली, म्हणजे आपल्या हाती घागरीच असतात. आणि बंब घाटवळणांनी येईपर्यंत पुष्कळ वेळ जातो. परंतु डोंगराने आपणांस एक देणगी दिलेली आहे. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका खाली दाब अधिक: प्रत्येक १० मीटर उंचीस दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो. घरांच्या वर ३५ मीटरांवर टाकी असेल, तर हायड्रंटला लागणारा दाब पंपावाचून, विजेवाचून मिळू शकतो. मात्र वाहिनी रुंद हवी. झऱ्याचे पाणी बागेत आणणाऱ्या बोटभर नळीत तो सारा दाब वाटेतच घासून संपतो. शिवाय १०,००० लिटरची टाकी वरील धारेने २० मिनिटांत रिकामी होते, हेही ध्यानात ठेवावे. ग्रामपंचायत नवी टाकी बांधावयास घेईल तेव्हा खालच्या वाडीत एक मोठा व्हॉल्व्ह व पाईपचा जोड बसविता येईल काय, असा प्रश्न ग्रामसभेत विचारणे हा आपला अधिकार आहे. अभियंत्याचा सल्ला त्यांनी घ्यावा.

तोपर्यंत रांग आहेच. १५ लिटरची बादली दर पाच सेकंदांस पुढे गेली, तर मिनिटास १८० लिटर पाणी आगीवर पडते. हायड्रंटच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक! याकरिता पैसा लागत नाही, पूर्वतयारी लागते. गंजी घरापासून व चुलीपासून दूर रचावी. उन्हाळ्यात एक पिंप सदैव भरलेले असावे. पुनरुत्थान सणाच्या आदल्या रात्री आम्ही मंदिराच्या अंगणात नवा अग्नी पेटवितो, तोही नेमका सुक्या दिवसांत; म्हणून भरलेली दोन पिंपे व चार बादल्या शेजारी ठेवल्याशिवाय आम्ही काडी ओढीत नाही. अनेक वाड्यांतून मोबाइलला रेंज मिळत नाही. कोणत्या टेकाडावर ती मिळते आणि तिकडे धावणारा कोण, हे आधीच ठरलेले असावे.

येत्या रविवारी जेवणे आटोपल्यावर प्रत्येक कुटुंबाने दहा मिनिटे काढून एवढे ठरवावे: मुलांस व म्हाताऱ्यांस बाहेर कोण काढील, खटका कोण बंद करील, फोन कोण करील, आणि पाण्यापाशी कोण उभा राहील. मग शेजारच्या घरी जाऊन त्यांचे काय ठरले ते विचारावे, म्हणजे दोन घरांची मिळून एक रांग होईल. आणि दूर कामास असलेल्या मुलाचा फोन आला, की खुशाली विचारून झाल्यावर त्यास हेही विचारावे: “तुझ्या मजल्यावरची तांबडी पेटी उघडून पाहिलीस काय?”