कानशीची परीक्षा

ऐंशीच्या दशकात चिंचवड स्टेशनला उतरून कारखान्यांच्या दिशेने निघालेली आयटीआयची पोरं लांबूनही ओळखू यायची. हातात कागदांची फाइल, काखेत पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला खाकी शर्ट. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट असला, तरी तो खाकी शर्ट बरोबर न्यावाच लागे. शिकाऊ उमेदवाराची मुलाखत म्हणजे नुसती बोलाचाली नसे. आधी व्हाइससमोर उभं राहायचं, जॉब करून दाखवायचा आणि मग खुर्चीवर बसायचं.

मुलाखतीचा कॉल येण्यालाच किती वाट पाहावी लागे! एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचं, कार्डाचं वेळेवर नूतनीकरण करायचं आणि पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. कारखान्याने आपल्या कामगारांच्या प्रमाणात शिकाऊ मुलं घ्यायचीच, असं बंधन त्याने घातलं होतं. फिटरचा दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला पुढे वर्षभर कारखान्यात उमेदवारी करता येई आणि त्यानंतर अखिल भारतीय ट्रेड टेस्ट. पुढच्या नोकरीचा सगळा रस्ता या एका वर्षातून जायचा, म्हणून त्या मुलाखतीचं एवढं दडपण. प्रमाणपत्रांच्या खऱ्या नकला टाइप करून घेणं आणि त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मिळवणं, यातच निम्मा आठवडा जाई. आज स्वतःच सही करून नक्कल खरी असल्याचं सांगता येतं. त्या हेलपाट्यांबद्दल मला यत्किंचितही हळहळ वाटत नाही.

हळहळ वाटते ती तयारीबद्दल. माझी तयारी भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. मित्राच्या वडिलांची तिथे दोन लेथ होती. संध्याकाळी मशिन थांबल्या की बेंच आमच्या ताब्यात यायचं. व्हाइसचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला हवा, नाहीतर कानस सरळ चालत नाही. म्हणून बुटक्या मित्राच्या पायाखाली फळी ठेवायची. माइल्ड स्टीलच्या पट्टीचा तुकडा हॅकसॉने कापायचा, बास्टर्ड कानशीने रफ करायचा, मग सेकंड कट आणि शेवटी स्मूथ. कानस पुढे जाताना कापते, मागे घेताना तिच्यावर भार द्यायचा नसतो. हे वाक्य पुस्तकात एका ओळीचं आहे, पण खांद्यात आणि मनगटात उतरायला त्याला कित्येक संध्याकाळी लागतात. नवशिक्याचे हात झुलतात, कडा जास्त घासल्या जातात आणि मधे फुगवटा राहतो. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की फट दिसायची. ती फट जाईपर्यंत घासत राहायचं. दातांत धातूचे कण अडकून कामावर ओरखडे उठू नयेत म्हणून कानशीला खडू फासायचा. मार्किंगला मोरचुदाचं पाणी लावायचं. पोलादावर तांब्याचा पातळ थर बसतो आणि स्क्राइबरची रेघ लख्ख दिसते.

थिअरी याच घामात पाठ व्हायची. मित्राचे वडील मागे उभे राहून विचारत, “एम दहाच्या आट्याला ड्रिल कितीचं?” हात न थांबवता उत्तर द्यायचं, साडेआठ. दहातून दीडचा पिच वजा. ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश. व्हर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, कारण मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर ५० भाग पाडलेले. “कारण” सांगितलं नाही, तर ते उत्तर धरत नसत. त्यांचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंतचं. माझ्या लेखी त्यांच्याइतका चांगला परीक्षक पुढे कुणी भेटला नाही.

प्रत्यक्ष परीक्षेत फोरमन फारसं बोलत नसे. बेंचांच्या रांगेतून हात मागे बांधून फिरायचा आणि कान देऊन ऐकायचा. सरळ चालणाऱ्या कानशीचा आवाज सलग येतो, झुलणाऱ्या हाताचा तुटक. एका ठिकाणी त्याने आम्हा सगळ्यांना दोन-दोन काळपट तुकडे दिले आणि एवढंच म्हणाला, “कानस मारा नि सांगा, कुठला काय?” कास्ट आयर्नची भुकटी पडते, बोटांना काळं लागतं; माइल्ड स्टीलचे बारीक कीस निघतात. हे तिथल्या तिथे ओळखायचं होतं. वेल्डरला पट्टीवर एक सरळ रन मारायला लावत, टर्नरला फोर-जॉ चकमध्ये गोल तुकडा खरा बसवायला सांगत. मग तीन खुर्च्यांसमोरची मुलाखत. तिथेही टेबलावर व्हर्निअर आणि एखादी बुश ठेवलेली असे. “माप घे आणि सांग.” घाबरलेल्या पोराला ओळखीचं हत्यार हातात आलं की धीर यायचा, हे त्या माणसांना ठाऊक असावं.

तेव्हा सगळं स्वच्छ होतं, असं मात्र नाही. कुठल्या कारखान्यात कधी जागा निघणार हे आतल्या माणसाला आधी कळे. ज्याचा काका आत, त्याचा अर्ज वेळेवर पोहोचे. खेड्यातून आलेल्या, शहरात कुणी नसलेल्या कितीतरी चांगल्या हातांच्या पोरांपर्यंत बातमी पोहोचायची ती यादी लागल्यावर. आणि मुली? फिटर-टर्नरच्या वर्गात मुलगी दिसत नसे आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे.

माझी भाची आता मशिनिस्टचा आयटीआय करून उमेदवारीच्या मुलाखतींना बसते आहे. पिंपरीत टाटा मोटर्सने मोटारींची एक असेंब्ली लाइन महिलांच्या हाती दिली आहे, हे ती मला अभिमानाने सांगते. चाकण, रांजणगाव, तळेगाव, कुठे जागा निघाली ते तिला घरबसल्या फोनवर दिसतं. सरकारी पोर्टलवर नोंदणी, आधार जोडलेलं, करार ऑनलाइन. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५००० ते ९००० रुपये ठरवून दिलं आणि तिला मिळणारे पैसे थेट बँकेत जमा होतील. कुणाच्या काकाला विचारायला जावं लागलं नाही. मला हे मनापासून मोलाचं वाटतं.

पण तिची तयारी पाहिली की मी अस्वस्थ होतो. सकाळी फोनवर पर्यायी उत्तरांचे प्रश्न, शंभरच्या शंभर, घड्याळ लावून. आयटीआयची लेखी परीक्षाही आता संगणकावरची आणि पर्यायांची. दुपारी आरशासमोर इंग्रजीत स्वतःची ओळख. मग फाइव्ह-एस: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके, हे जपानी शब्द ती झोपेतही सांगेल. रेल्वेच्या उमेदवारीसाठी तर मुलाखतच नाही. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवरून यादी लागते. माझगाव डॉकला संगणकावरची परीक्षा. खासगी कंपनीत बरेचदा मनुष्यबळ विभागातली व्यक्ती व्हिडिओवर बोलते. मी म्हटलं, “अगं, चार दिवस बेंचवर उभी राहा की.” ती म्हणाली, “मामा, तिथे कानस कोण देणार आहे हातात?”

तिचं चुकलं काय? परीक्षा जशी, तयारी तशी. हजारो अर्ज आले की प्रत्येकाला व्हाइससमोर उभं करणं कारखान्याला जड जातं आणि संगणकाला सगळे सारखे. तिथे ओळख चालत नाही. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरीही, सीएनसी आली, आता हाताचं काय काम, असं कुणी म्हटलं की मी भांडतो. सीएनसीवरच्या टूलची धार गेली की कटाचा आवाज बदलतो, चिप्सचा रंग आणि वळण बदलतं. ते स्क्रीनवर अलार्म येण्याच्या आधी कळणारा ऑपरेटर कारखान्याचे हजारो रुपये वाचवतो. डाय-मोल्डचं शेवटचं फिटिंग अजून ब्लू लावून, घासून, जुळवूनच होतं. धातू हातातून गेल्याशिवाय हा कान आणि हा डोळा तयार होत नाही. आम्हाला तो मुलाखतीच्या निमित्ताने मिळाला. दोन वर्षांच्या आयटीआयमध्ये जे कच्चं राहिलेलं, ते त्या धास्तीच्या महिन्यात पक्कं झालं. ज्यांची निवड झाली नाही त्यांच्याही हातात ते राहिलं. त्यांतल्या काहींनी पुढे भोसरीत स्वतःच्या शेड टाकल्या.

म्हणून गाळणी संगणकाने लावावी, पण उरलेल्या मुलामुलींना अर्धा तास तरी बेंचवर उभं करावं आणि कॉल लेटरमध्ये तसं स्पष्ट लिहावं. ते वाक्य छापलं गेलं की तयारी आपोआप बदलेल. सरावाला जागा लागेल, तीही आहे. संध्याकाळी आयटीआयच्या वर्कशॉपला कुलूप लागतं आणि आत व्हाइसच्या रांगा रिकाम्या असतात. पास झालेल्या मुलांना मुलाखतीआधी महिनाभर तिथे यायला मुभा द्यावी. एखाद्या निदेशकाला थांबण्याचा भत्ता मिळावा; पट्ट्या, ब्लेड आणि कानशींचा खर्च त्या भागातल्या कारखान्यांनी वाटून घ्यावा, कारण घडलेले हात शेवटी त्यांच्याच दारात येणार आहेत. सुरुवात औंधच्या आयटीआयपासून करता येईल. तिथून पिंपरी-चिंचवडला जायला बस आहे आणि शिकवायला तयार असलेले निवृत्त फोरमन त्या पट्ट्यात वाटेल तेवढे भेटतील. मी त्यांतल्या काहींशी बोललो आहे. भत्त्याचं त्यांनी विचारलंही नाही. वर्कशॉप किती वाजेपर्यंत उघडं राहील, एवढंच विचारलं.